वेल्सच्या डोंगरावरचा लाल किल्ला आणि टिपूचा खेमा

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्री माझ्या मामेबहिणीचा बर्मिंगहॅमहून फोन आला. ती लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता पंधरा वर्षे होत आली. मुलांना घेऊन ती दिवसभर सहलीला गेली होती. आवाज थकलेला होता, पण फोन ठेवायची घाई नव्हती.

"आपा, तू शाळेत इतिहास शिकवतेस ना? मग मला एक सांग. आज आम्ही वेल्समधला एक किल्ला बघायला गेलो होतो. मुलं बागेत खेळली, मोर बघितले. मग आत गेलो तर एका दालनात टिपू सुलतानचा खेमा! माझी धाकटी विचारते, अम्मी, हा इथे कसा आला? टिपूने यांना भेट दिला का? मला काही सांगता आलं नाही. मी म्हटलं, खालाला विचारू."

फोटो तिने लगेच पाठवले. पांढऱ्या सुती कापडावर ओळीने कमानी, प्रत्येक कमानीत फुलदाणी आणि तिच्यातून वर आलेली फुले. लाल रंग अजून ताजा वाटत होता. मी त्या रात्री भाचीला दोन वाक्यांत उत्तर दिले. पण दोन वाक्यांनी माझेच समाधान झाले नाही. पुढचे काही आठवडे शाळा सुटल्यावर त्या किल्ल्याविषयी मिळेल ते वाचत राहिले. भाचीला नंतर जे सविस्तर सांगितले, तेच आज आपल्यासमोर ठेवते.

लाल किल्ला बांधला कोणी?

या किल्ल्याचे नाव पोविस. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, इतिहास वेगळा. इंग्लंडच्या सरहद्दीपासून जवळच वेल्शपूल नावाचे लहानसे बाजाराचे गाव आहे. गावाबाहेर एका लांबट खडकाच्या पाठीवर हा किल्ला उभा आहे. भोवती कुरणे, हरणांचे राखीव रान, जुने ओक वृक्ष. तांबूस वालुकाश्मात बांधलेला असल्यामुळे वेल्श भाषेत त्याला पूर्वापार 'लाल किल्ला' म्हणतात. दिल्लीचा लाल किल्ला माहीत असलेल्या आपल्या मुलांना हे नाव सांगितले की गंमत वाटते.

वेल्समधले बरेचसे प्रसिद्ध किल्ले इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्श लोकांना दाबून ठेवण्यासाठी बांधले. पोविसची गोष्ट वेगळी. तो तेराव्या शतकात एका वेल्श राजपुत्राने, ग्रिफिथ अप ग्वेनविनविन याने बांधला. पण हा राजपुत्र आपल्याच लोकांच्या सर्वांत मोठ्या राज्यकर्त्याचा, ग्विनेडच्या लिवेलिनचा, हाडवैरी होता. 1274 मध्ये लिवेलिनला मारण्याचा कट उघडकीस आला, तेव्हा ग्रिफिथ पळून इंग्लंडच्या आश्रयाला गेला. तीन वर्षांनी इंग्रज राजाच्या फौजेच्या जोरावर तो परत आला. 1282 मध्ये लिवेलिन मारला गेला आणि वेल्सचे स्वातंत्र्य संपले. ग्रिफिथच्या वारसाला जमीन आणि किल्ला मिळाला, पण राजपुत्र म्हणवून घेण्याचा हक्क सोडावा लागला. तो इंग्लंडच्या राजाचा एक सरदार झाला.

हे वाचताना मला बंगालचा मीर जाफर आठवला. घरातल्या भांडणात बाहेरच्या बलाढ्य शेजाऱ्याला बोलवायचे, त्याने गादी द्यायची आणि गादीचा अर्थ काढून घ्यायचा. ज्या इमारतीत पुढे बंगालच्या आणि म्हैसूरच्या वस्तू जाऊन बसल्या, तिचा पायाच अशा एका सौद्यावर घातलेला आहे.

किल्ल्याचा वाडा झाला

बाहेरून पोविस आजही किल्लाच दिसतो. पश्चिमेच्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना दोन भक्कम गोल बुरूज आहेत. भिंती जाड, वरती कंगोरे. आत शिरले की मात्र युद्धाची आठवण राहत नाही. याचे कारण 1587 साली झालेला एक व्यवहार. त्या वर्षी सर एडवर्ड हर्बर्ट या श्रीमंत उमरावाने हा किल्ला विकत घेतला. तोवर तोफांमुळे अशा किल्ल्यांचे लष्करी महत्त्व कमी झाले होते. हर्बर्टला राहायला घर हवे होते.

त्याने सर्वांत आधी जी मोठी खोली करून घेतली तिला 'लाँग गॅलरी' म्हणतात. लांबच लांब दालन. पावसाळी देशात बायका-मुलांना बाहेर फिरता येत नाही, तेव्हा इथे शतपावली करायची, भिंतीवरची पूर्वजांची चित्रे बघायची आणि पाहुण्यांना दाखवायची. छतावर आणि भिंतीच्या माथ्यावर गिलाव्यातले नक्षीकाम आहे, त्यात घराण्याची चिन्हे कोरलेली आहेत. हे काम 1590 च्या दशकाच्या सुरुवातीचे. चारशेहून अधिक वर्षे ते टिकून आहे.

पुढच्या शतकात 'स्टेट बेडरूम' झाली. ही खोली घरच्यांच्या झोपेसाठी नव्हती. राजा कधी मुक्कामाला आला तर त्याच्यासाठी होती. पलंग एका कोनाड्यात आणि त्याच्यापुढे लाकडी कठडा. कठड्याच्या आत कोणी यायचे आणि बाहेर कोणी थांबायचे, हे दरबारी रीतीने ठरलेले असे. फ्रान्सच्या राजवाड्यात ही पद्धत होती. ब्रिटनमध्ये अशी खोली आता दुसरीकडे बघायला मिळत नाही असे सांगतात. मोठा जिनाही याच काळातला. त्याच्या भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकलेले आहेत.

म्हणजे एकाच इमारतीत तीन काळ एकमेकांना चिकटून उभे आहेत. बाहेर तेराव्या शतकातला लढाऊ किल्ला, आत सोळाव्या शतकातले श्रीमंत घर आणि त्याच्याही आत सतराव्या शतकातला दरबारी थाट.

डोंगर कापून केलेली बाग

मामेबहिणीने सर्वांत जास्त फोटो बागेचे पाठवले होते, आणि ते बरोबरच होते. किल्ला खडकाच्या माथ्यावर आहे आणि खाली दरी. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा उतार कापून त्याचे टप्पे करण्यात आले. आपल्याकडे कोकणात वरकस जमिनीवर दगडी बांध घालून कुणगे करतात, तसेच काहीसे, पण भातासाठी नाही, डौलासाठी. प्रत्येक टप्प्याला विटांची उंच भिंत, कठडा आणि मधून पायऱ्या. एका टप्प्याच्या कठड्यावर शिशात ओतलेले मेंढपाळ आणि मेंढपाळणी नाचताना दिसतात. एका टप्प्यावर संत्र्या-लिंबाची झाडे हिवाळ्यात आत ठेवण्यासाठी खास इमारत आहे. त्या देशात संत्रे घरच्या आवारात वाढवणे ही मोठ्या श्रीमंतीची खूण होती.

वरच्या टप्प्यावर 'यू' जातीच्या झाडांचे प्रचंड कुंपण आहे. लावली तेव्हा ही झाडे नीट कातरलेल्या छोट्या शंकूंसारखी होती. तीनशे वर्षांत ती वाढत वाढत हिरव्या ढगांसारखी भिंतीवरून खाली ओघळली आहेत. दरवर्षी ती कापायला माळ्यांना कित्येक आठवडे लागतात आणि त्यासाठी यंत्राचा पाळणा वापरावा लागतो.

ही बाग टिकली त्यात थोडा दैवाचाही भाग आहे. ज्या हर्बर्टने ती करायला घेतली तो कॅथलिक होता. 1688 मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला इंग्लंड सोडून पळावे लागले, तेव्हा हा हर्बर्टही त्याच्यामागे फ्रान्सला गेला. जहागीर जप्त होऊन नव्या राजाच्या मर्जीतल्या माणसाकडे गेली. 1722 मध्ये ती पुन्हा हर्बर्ट घराण्याला मिळाली. त्यानंतर इंग्लंडमध्ये अशा आखीव बागा मोडून मोकळी हिरवळ करण्याची फॅशन आली. पुष्कळ ठिकाणच्या टप्प्याटप्प्यांच्या बागा तेव्हा सपाट झाल्या. पोविसची वाचली.

एक लग्न आणि बंगालचा पैसा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हर्बर्टांकडे नाव होते, जमीन होती, पण डोक्यावर कर्ज होते आणि किल्ल्याची पडझड सुरू झाली होती. याच सुमारास शेजारच्या श्रॉपशर परगण्यात एक घराणे होते, ज्याच्याकडे पैसा अमाप होता आणि नाव नवे होते. ते घराणे रॉबर्ट क्लाइव्हचे.

क्लाइव्ह आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. 23 जून 1757 ची पलाशीची लढाई, नवाब सिराजुद्दौलाचा पराभव, मीर जाफरला गादी. लढाईनंतर क्लाइव्हला वैयक्तिक बक्षीस म्हणून सुमारे 2 लाख 34 हजार पौंड मिळाले. पुढे मीर जाफरकडून वर्षाला 27 हजार पौंड उत्पन्नाची जहागीर मिळाली. ऑगस्ट 1765 मध्ये बादशहा शाह आलम याने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, कंपनीला दिला. मोबदल्यात बादशहाला वर्षाला 26 लाख रुपये ठरले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली आणि कंपनीची महसूलवसुली चालूच राहिली.

दिवाणीच्या त्या प्रसंगाचे एक भव्य तैलचित्र पोविसमध्ये आहे. बेंजामिन वेस्ट या चित्रकाराचे. उंच सिंहासन, घुमट, हत्ती, रुबाबदार बादशहा क्लाइव्हच्या हातात फर्मान देतो आहे. प्रत्यक्षात तो कार्यक्रम अलाहाबादला क्लाइव्हच्या तंबूत झाला होता आणि सिंहासन म्हणून जेवणाच्या टेबलावर खुर्ची ठेवली होती असे सांगतात. चित्रकार भारतात कधी आलाच नव्हता. बंदुकीच्या जोरावर झालेला व्यवहार चित्रात मानाने दिलेल्या देणगीसारखा दिसतो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की चित्र बघताना ते कोणी काढले आणि कोणाच्या पैशाने काढले, हे आधी विचारा.

क्लाइव्ह 1774 मध्ये वारला. दहा वर्षांनी, 1784 मध्ये, त्याचा थोरला मुलगा एडवर्ड याचे हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न झाले. एका बाजूला जुने नाव, दुसऱ्या बाजूला रोकड. 1801 मध्ये हेन्रिएटाचा भाऊ अविवाहित वारला आणि त्याची उमरावकी संपली. 1804 मध्ये एडवर्ड क्लाइव्हलाच 'अर्ल ऑफ पोविस' करण्यात आले. त्याच्या मुलाला मामाची इस्टेट मिळाली, पण एका अटीवर: क्लाइव्ह हे आडनाव सोडून हर्बर्ट घ्यायचे. त्याने ते घेतले. पैसा क्लाइव्हचा, नाव हर्बर्टचे. पडका किल्ला त्या पैशाने सावरला गेला. आज आपण जे बुरूज आणि दालने बघतो, ती उभी राहण्यात बंगालच्या रयतेचा वाटा आहे.

श्रीरंगपट्टणहून वेल्सला

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. एडवर्ड क्लाइव्ह 1798 मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आला. पुढच्याच वर्षी, 4 मे 1799 रोजी, इंग्रजांच्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या निजामाच्या फौजेपुढे श्रीरंगपट्टण पडले. टिपू सुलतान लढता लढता शहीद झाला. त्या रात्री सैनिकांनी शहर लुटले. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्ली याने काही जणांना फाशी देऊन, चाबकाचे फटके मारून ती लूट थांबवली.

पण थांबली ती बेकायदा लूट. कायदेशीर लूट त्यानंतर सुरू झाली. फौजेत वाटप करण्यासाठी अधिकाऱ्यांची एक समितीच असे. कोणत्या हुद्द्याच्या माणसाला किती वाटा, हे ठरलेले असे. टिपूचे सोन्याने मढवलेले अष्टकोनी सिंहासन वाटपासाठी फोडण्यात आले. त्याच्या कठड्यावर वाघांची आठ लहान मस्तके होती. सोन्याची, रत्ने जडवलेली. त्यातले एक आज पोविसमध्ये आहे. सिंहासनावरचा हुमा पक्षी आणि खालचे वाघाचे मोठे मस्तक इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेले. इंग्रज शिपायावर झेपावलेला प्रसिद्ध लाकडी वाघ लंडनच्या संग्रहालयात आहे. टिपूच्या ग्रंथालयातली हस्तलिखिते कलकत्ता आणि इंग्लंडमधल्या संस्थांत विखुरली. एका घरातल्या वस्तू इतक्या दूरदूर गेल्या की आज एखाद्या अभ्यासकाला त्या सगळ्या बघायच्या असतील तर अर्धे जग फिरावे लागेल.

1800 साली हेन्रिएटा आपल्या दोन मुलींना घेऊन दक्षिण हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाली. हत्ती, बैलगाड्या, शेकडो नोकरचाकर. बरोबर अ‍ॅना टोनेली नावाची इटालियन चित्रकार होती. तिने टिपूचे चित्र काढले, पण टिपू मरून वर्ष उलटले होते. हा काफिला श्रीरंगपट्टणलाही गेला. हेन्रिएटा दैनंदिनी लिहीत असे. तिला झाडे, शिंपले, खनिजे, लोकांच्या चालीरीती, सगळ्यांचे कुतूहल होते. ती क्रूर बाई नव्हती. पण तिचा नवरा गव्हर्नर होता आणि जिंकलेल्या शहरातल्या वस्तू तिच्या घरात येणे तिच्या काळात कोणाला वावगे वाटत नव्हते.

अशा रीतीने टिपूचा खेमा वेल्सला पोचला. अभ्यासक मानतात की त्याचे कापड टिपूच्या जन्माच्या आधीचे, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. ज्या छापील-रंगवलेल्या कापडाला आपण छीट म्हणतो तेच. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छीटवरूनच गेला. 'पॅलँक्विन' पालखीवरून गेला. आणि 'लूट' हा शब्द तर जसाच्या तसा इंग्रजीत गेला. भाषा शिकवणारी बाई म्हणून मला या तीन शब्दांचे नवल वाटते. कापड, पालखी आणि लूट, तिन्ही एकाच जहाजातून गेल्यासारखे वाटतात.

पोविसच्या जहागिरीत पुढे हा खेमा बागेतल्या मेजवान्यांसाठी शामियाना म्हणून वापरत. ज्या कमानीखाली एके काळी सुलतानाचा मुक्काम पडला, तिथे चहापान होई.

संग्रहात एकूण एक हजारांहून अधिक वस्तू आहेत. तलवारी, हस्तिदंताचे काम, कापड, देवांच्या मूर्ती, हुक्क्याची भांडी. पलाशीहून पळताना सिराजुद्दौलाने मागे सोडली असे जिच्याबद्दल म्हटले जाते, ती पालखीही इथेच. न्यायाने सांगायचे तर प्रत्येक वस्तू लुटीची नाही. काही विकत घेतल्या, काही भेट मिळाल्या. पण जिंकणारा विकत घेतो तेव्हा भाव कोण ठरवतो आणि हरणारा भेट देतो तेव्हा नाही म्हणण्याची त्याची काय ताकद असते, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपला विजयदुर्ग

हे सगळे वाचताना बंगाल आणि म्हैसूर मला दूरचे वाटत होते. मग एक तारीख समोर आली आणि मी थबकले. फेब्रुवारी 1756. ठिकाण घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग. दर दोन-तीन वर्षांनी शाळेची सहल तिथे नेते, पण क्लाइव्हचे नाव मी तिथे मुलांना कधी सांगितले नव्हते.

तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार, जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य. इंग्रजांच्या पायदळाचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. पलाशीला अजून सोळा महिने होते. आरमार मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन लुटीचे वाटे आपापसात ठरवले. त्या यादीत पेशव्यांचे नाव नव्हते. आंग्र्यांची गलबते जळाली, किल्ला पडला आणि इंग्रजांनी मराठ्यांच्या आधी आत शिरून ताबा घेतला. आत सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची मालमत्ता आरमार आणि पायदळ यांनी वाटून घेतली. त्याच वर्षाअखेर तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पण तोवर किल्ल्यात वाटण्यासारखे काही उरले नव्हते आणि कोकणचे आरमार संपले होते.

म्हणजे जो धडा पुढे पलाशीला आणि श्रीरंगपट्टणला गिरवला गेला, त्याचा एक सराव आपल्या किनाऱ्यावर झाला. घरातले भांडण, बाहेरचा मदतनीस आणि आधीच ठरलेले वाटे. यात हिंदू-मुसलमान असा हिशेब लावायला गेलो तर तो जुळतच नाही. आंग्र्यांना पाडायला पेशव्यांनी इंग्रज बोलावले, टिपूला पाडायला निजामाने साथ दिली, सिराजुद्दौलाला मीर जाफरने फसवले. मुलांना मी आता हे सरळ सांगते.

आता तो किल्ला कोणाचा?

हर्बर्ट घराण्याच्या चौथ्या अर्लचे दोन मुलगे होते. एक पहिल्या महायुद्धात 1916 मध्ये गेला, दुसरा दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये. 1952 मध्ये अर्ल वारला. त्याने मृत्युपत्राने किल्ला आणि बाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. ही संस्था तिकडची जुनी घरे, बागा, किनारे लोकांसाठी जपते. 1987 मध्ये क्लाइव्ह कुटुंबाने गोळा केलेल्या वस्तूंचे दालन लोकांसाठी उघडले. तिकीट काढून कोणीही जाऊ शकते. 2020 मध्ये याच संस्थेने आपल्या ताब्यातल्या वास्तूंचा गुलामीशी आणि वसाहतींशी असलेला संबंध सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पोविस होते. त्यावर तिकडे बरीच खळबळ झाली. काहींना वाटले की घरच्या पूर्वजांची बदनामी होते आहे. काहींना वाटले की हे फार आधी व्हायला हवे होते.

या वस्तू परत याव्यात का? माझे मत विचाराल तर, ज्या युद्धात लुटून नेल्या असे स्पष्ट आहे त्या परत यायला हव्यात. दोनशे वर्षे सांभाळली म्हणून वस्तू सांभाळणाऱ्याची होत नाही. अमानत मालकाच्या खुशीने ठेवलेली असते, ही तशी नव्हती.

पण हे लिहिताना माझा हात थोडा अडखळला आणि त्याचे कारणही सांगायला हवे. त्या खेम्याचे कापड अडीचशेहून अधिक वर्षांचे आहे. त्याला ऊन लागू नये म्हणून तिथे दिवे मंद ठेवतात. आणि आमच्या घरात? दादीच्या पेटीत एक कापडात बांधलेले बोचके होते. उर्दू आणि मोडीतले कागद, आजोबांच्या गलबताचे हिशेब, कुणाच्या तरी निकाहनाम्याची नक्कल. दादी गेल्यावर घराची दुरुस्ती निघाली तेव्हा ते बोचके माळ्यावर टाकले. चार पावसाळ्यांनी उघडले तेव्हा वाळवीने त्याचा भुगा केला होता. तांब्याची डेग भंगारवाल्याला किलोवर गेली. आमचे कोणी लुटले नव्हते. मोडी वाचता येणारा एक गृहस्थ आमच्याच गावात होता, मी त्यांच्याकडे कधी गेले नाही. त्या कागदांत काय होते ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून यंदा आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम दिले. घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधायची. ती कोणाची होती, कुठून आली, घरात कोणाला काय आठवते, हे एका पानावर लिहून आणायचे. वस्तू शाळेत आणायची नाही, जागेवरच ठेवायची. सत्तावीस पाने आली. एकीच्या घरी पणजोबांचे जहाजावरचे सेवापुस्तक निघाले. एकाच्या घरी पितळी अडकित्ता, ज्यावर नाव कोरले आहे पण ते नाव कोणाचे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. एकाने लिहिले, "आमच्या घरात जुने काही नाही, सगळे आखातातून आणलेले आहे." खाली त्याच्या दादीने थरथरत्या अक्षरात दोन ओळी जोडल्या होत्या: दाराची चौकट जुनी आहे, ती त्याच्या पणजोबांनी स्वतः तासली.

भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "खाला, मग पुढच्या वेळी तिथे गेले तर मी तिथल्या लोकांना विचारू का, हा कधी परत देणार?"

मी म्हटले, जरूर विचार. अदबीने विचार, पण विचार. आणि घरी आल्यावर तुझ्या अम्मीच्या पेटीत काय आहे, तेही एकदा उघडून बघ.